जुनी विज्ञानपट-मालिका पुन्हा सुरू झाली, म्हणून ती रीबूट ठरते का?

नेरूळच्या एका सोसायटीतील चित्रपट मंडळाकडून आलेला प्रश्न असा आहे. मंडळ आपल्या सभागृहात जे. जे. अब्राम्स दिग्दर्शित ‘स्टार ट्रेक’ (२००९) दाखवणार असून कार्यक्रमाच्या पत्रकात त्याचा उल्लेख ‘रीबूट’ असा केला आहे. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. ज्या चित्रपटात जुना स्पॉक, म्हणजे मूळ मालिकेतला यानावरचा अधिकारी येतो, आणि तोही १९६० च्या दशकातील दूरचित्रवाणी मालिकेपासून ही भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांच्याच रूपात, त्या चित्रपटाने जुने सारे पुसून टाकले असे कसे म्हणता येईल, हा त्यांचा सवाल. तरुण सभासदांचे म्हणणे असे, की बाकी सगळे नट नवे, दिग्दर्शक नवा, कथा नायक कर्कच्या जन्मापासून सुरू होते आणि आधीचा एकही भाग न पाहता चित्रपट कळतो; मग याला रीबूट म्हणायचे नाही तर कशाला? यांत कोणाचे खरे धरावे आणि तोच नियम अशा इतर चित्रपटांना लावता येईल का, असे मंडळाने विचारले आहे.

मी ठाण्यात राहते आणि घोडबंदर रस्त्यावरच्या सेटांवर चित्रित होणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांसाठी कथेचे सातत्य सांभाळण्याचे काम बरीच वर्षे करत आले आहे. कोणत्या पात्राला काय ठाऊक आहे, कोणती घटना कधी घडली, कोणाच्या मृत्यूची बातमी कोणापर्यंत पोहोचली आणि कोणापासून लपवली गेली, याची नोंद ठेवणे हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे या प्रश्नाकडे मी समीक्षकाच्या नव्हे, तर नोंदी ठेवणाऱ्याच्या नजरेने पाहते. माझे उत्तर असे, की २००९ चा ‘स्टार ट्रेक’ रीबूटच आहे, पण तरुण मंडळींनी दिलेल्या कारणांमुळे नव्हे. आणि ज्येष्ठ सभासदांनी बोट ठेवलेली गोष्ट पूर्णपणे खरी असली, तरी तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष निघत नाही.

रीबूट ठरवायला माझ्या मते एकच प्रश्न पुरतो. नव्या चित्रपटातील मुख्य पात्रांच्या जगात जुन्या चित्रपटांतल्या घटना घडून गेलेल्या आहेत का, किंवा कथा आधीच्या काळातली असेल तर त्या पुढे घडणार आहेत हे गृहीत धरले आहे का? उत्तर होकारार्थी असेल, तर मध्ये कितीही वर्षे गेलेली असोत, तो पुढचा किंवा मागचा भाग आहे. उत्तर नकारार्थी असेल आणि त्याच पात्रांची, त्याच जगाची गोष्ट पुन्हा मुळापासून मांडून पुढच्या भागांची सोय केलेली असेल, तर तो रीबूट. ‘प्रे’ (२०२२) १७१९ सालच्या कोमांची टोळीत घडतो, त्यात ‘प्रेडेटर’ मालिकेतले एकही जुने माणूस नाही, तरीही तो रीबूट नाही. कारण ‘प्रेडेटर २’ (१९९०) मध्ये दिसलेले जुने ठासणीचे पिस्तूल त्यात आवर्जून दाखवले आहे, म्हणजे ती पुढची घटना लेखकांनी स्वतःवर बंधनकारक मानली आहे.

मधल्या खंडाच्या लांबीवरून काहीच सिद्ध होत नाही. ‘ज्युरासिक पार्क’ १९९३ चा आणि ‘ज्युरासिक वर्ल्ड’ २०१५ चा. मध्ये बावीस वर्षे गेली, दिग्दर्शक बदलला, प्रमुख पात्रे बदलली, उद्यानाचा नवा मालक म्हणून आपले इरफान खान आले. तरीही ते बेट तेच आहे, जुन्या उद्यानाचे अवशेष झाडीत पडलेले आहेत, डॉ. वू हे पात्र त्याच नटाने केले आहे आणि शेवटच्या झुंजीत उतरणारा टी-रेक्स हा १९९३ मधलाच प्राणी आहे. पूर्वी येथे माणसे मेली, हे सगळ्यांना माहीत असूनही पुन्हा उद्यान काढले गेले, यावरच त्या चित्रपटाची सगळी इमारत उभी आहे. जुने नाकारले तर कथेतली माणसांची हाव आणि मूर्खपणा दोन्ही नाहीसे होतील. तो निखळ पुढचा भाग आहे.

नट बदलण्याचेही तेच. आमच्या क्षेत्रात लीप घेतला, की एका रात्रीत सहा-सात वर्षे पुढे जातात, मुले मोठी होतात, कधी नायिकेचा चेहराच बदलतो, आणि त्याला आम्ही सरळ रिप्लेसमेंट म्हणतो. प्रेक्षक दोन-तीन भाग कुरकुर करतात आणि मग विसरतात, पण नव्या चेहऱ्याच्या त्या बाईच्या नावावर जुनी सगळी लग्ने, भांडणे आणि कर्जे जशीच्या तशी राहतात. गडकरी रंगायतनात एखादे जुने नाटक नव्या संचात लागले, तर त्याला कोणी नवे नाटक म्हणत नाही. उलट दिशेनेही पाहावे. जेम्स बाँडचा ‘कॅसिनो रॉयल’ (२००६) विज्ञानपट नव्हे, पण येथे उपयोगी उदाहरण आहे. त्यात बाँड नुकताच परवानाधारक झालेला आहे, म्हणजे आधीचे काही घडलेलेच नाही. तरी त्याची वरिष्ठ एम मात्र आधीच्या चित्रपटांप्रमाणे जूडी डेंचच साकारतात. रीबूटमध्ये जुना नट असू शकतो. ज्येष्ठ सभासदांच्या हरकतीचा पहिला भाग येथेच सैल होतो.

दिग्दर्शक तोच असणे हा तर सर्वांत फसवा पुरावा. ‘मॅड मॅक्स’चे १९७९, १९८१ आणि १९८५ चे तिन्ही चित्रपट जॉर्ज मिलर यांचे (तिसऱ्यात एक सहदिग्दर्शक होता), आणि तीस वर्षांनी आलेला ‘फ्युरी रोड’ही (२०१५) त्यांचाच. पण माझ्यासारखीने वही उघडली, की घोटाळा दिसतो. मॅक्सची काळी इंटरसेप्टर गाडी १९८१ च्या भागात स्फोटात नष्ट झाली होती. ‘फ्युरी रोड’च्या पहिल्याच दृश्यात ती हजर आहे. १९७९ मध्ये त्याचे तान्हे मूल मारले गेले, तो मुलगा होता. २०१५ मध्ये त्याला छळणाऱ्या भासांत एक लहान मुलगी येते. हे निष्काळजीपणाने झालेले नाही. मिलर हे मॅक्सकडे लोककथेतल्या माणसासारखे पाहतात, ज्याच्या गोष्टी वेगवेगळे लोक वेगवेगळ्या तपशिलांनी सांगतात, आणि प्रत्येक सांगणे स्वतंत्र असते. त्याला रीबूट म्हणणे मला अनावश्यक वाटते, कारण रीबूट करण्यासाठी आधी काटेकोर सातत्य असावे लागते, आणि येथे ते कधी मागितलेलेच नव्हते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ‘स्टार ट्रेक’. कथेची मांडणी नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण सारा वाद तिच्यातून निघाला आहे. २३८७ साली एका ताऱ्याच्या स्फोटात रोम्युलस ग्रह नष्ट होतो. तो वाचवण्याचा प्रयत्न करणारा वृद्ध स्पॉक आणि सूडाने पेटलेला रोम्युलन खलनायक नीरो हे दोघे कृष्णविवरातून भूतकाळात फेकले जातात. नीरो २२३३ साली बाहेर पडतो आणि केल्विन या यानावर हल्ला करतो. त्यात जॉर्ज कर्क मरण पावतो, त्याच क्षणी त्याचा मुलगा जेम्स जन्मतो, आणि तेथून इतिहासाला दुसरी फांदी फुटते. पुढे तरुण कर्क वृद्ध स्पॉकला भेटतो तेव्हा त्याला कळते, की त्या दुसऱ्या आयुष्यात त्याचे वडील जिवंत होते आणि त्यांनी मुलाला एंटरप्राइझ या यानाचा कप्तान झालेले पाहिले होते. त्याआधीच स्पॉकचा व्हल्कन ग्रह नाहीसा झालेला असतो, त्यामुळे जुन्या मालिकेतल्या असंख्य घटना या फांदीवर घडण्याची शक्यताच संपते.

म्हणजे जुने काही पुसले गेले नाही, हे ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. किंबहुना त्यांना आणखी एक पुरावा देते. २०२० साली आलेल्या ‘स्टार ट्रेक: पिकार्ड’ या मालिकेत रोम्युलसचा तो नाश जुन्या इतिहासातली घडून गेलेली घटना म्हणून येतो आणि निर्वासित रोम्युलनांचा प्रश्न तिच्यावरच उभा राहतो. जुनी फांदी जिवंत राहिली, वाढली. २०१६ च्या ‘स्टार ट्रेक बियाँड’मध्ये वृद्ध स्पॉकच्या मृत्यूची बातमी येते (निमॉय यांचे निधन २०१५ मध्ये झाले होते) आणि त्याच्या सामानात तरुण स्पॉकला जुन्या एंटरप्राइझच्या सहकाऱ्यांचे छायाचित्र सापडते. नव्या फांदीवर जुनी फांदी इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

पण हे छायाचित्र ज्याच्या हाती पडते तो तरुण स्पॉक त्यात नाही. त्यात त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्या नावाचा दुसरा कोणी आहे, ज्याच्या आयुष्यातली एकही घटना याच्या आयुष्यात घडलेली नाही. माझ्या नोंदवहीच्या भाषेत, नव्या कर्कच्या पानावर २००९ पूर्वीची एकही नोंद चढवता येत नाही; त्याचे पान कोरे आहे, आणि ज्याचे पान भरलेले आहे तो वृद्ध स्पॉक कथेचा नायक नसून साक्षीदार आहे. म्हणून मी याला रीबूट म्हणते. एवढेच, की येथे पुन्हा सुरुवात करण्याची क्रियाच जुन्या कथेतली एक घटना म्हणून घडवली गेली. निर्मात्यांना नवे प्रेक्षक हवे होते आणि चाळीस वर्षांच्या निष्ठावंतांना दुखवायचेही नव्हते. कालप्रवास ही या शैलीची जुनी सोय त्यांनी त्यासाठी वापरली. हे चतुर होते, आणि थोडे भित्रेही होते, असे मला वाटते.

विज्ञानपटांत हा वाद इतर प्रकारांपेक्षा जास्त का पेटतो, याचे उत्तर याच सोयीत आहे. सामाजिक नाट्यात लेखकाला जुने रद्द करायचे असेल, तर गुपचूप करावे लागते. येथे पात्रेच ते रद्द करू शकतात. ‘एक्स-मेन: डेज ऑफ फ्युचर पास्ट’मध्ये (२०१४) वुल्व्हरिनची जाणीव १९७३ मध्ये पाठवली जाते, आणि परत आल्यावर त्याला २००६ च्या भागात मेलेली माणसे जिवंत दिसतात. मग हाही रीबूट का? माझ्या मते नाही, आणि फरक आठवण कोणाकडे आहे यात आहे. तेथे जुन्या घटना आठवणारा स्वतः नायक आहे. त्याच्या वेदनेशिवाय शेवटच्या दृश्याला अर्थच उरत नाही. ती एका चालू मालिकेची दुरुस्ती आहे, आणि खरे सांगायचे तर आधीच्या एका नावडत्या भागावर टाकलेला बोळा.

प्रेक्षकाची आठवण आणि पात्राची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे २०१३ च्या ‘स्टार ट्रेक इनटू डार्कनेस’मध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. १९८२ च्या भागात जहाज वाचवण्यासाठी स्पॉक किरणोत्सर्गाने मरतो आणि काचेपलीकडे कर्क असतो. २०१३ मध्ये जागा उलटतात, कर्क आत आणि स्पॉक बाहेर. हे दृश्य ज्याने १९८२ चा चित्रपट पाहिला आहे त्याच्यावरच पूर्ण परिणाम करते, पण पडद्यावरच्या दोघांना त्याचा पत्ता नाही. अशा प्रतिध्वनींवरून सातत्य सिद्ध होत नाही. त्याच चित्रपटात खान हा खलनायक पुन्हा येतो, आणि येथे मात्र माझी नोंदवही हिशेब मागते. खान विसाव्या शतकाच्या अखेरीस गोठवून अवकाशात पाठवला गेला होता, म्हणजे २२३३ ची फांदी फुटण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे दोन्ही फांद्यांवर तो एकच माणूस असायला हवा. पण १९६७ आणि १९८२ मध्ये तो मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांचा होता आणि २०१३ मध्ये ब्रिटिश बेनेडिक्ट कंबरबॅच यांचा. चित्रपट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. (१९६७ च्या भागात त्याला पाहून एक इतिहासतज्ज्ञ तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा तर्क करते. खान नूनियन सिंग हे पूर्ण नाव. दोन्ही वेळा भारतीय नट मिळाला नाही, हा वेगळाच विषय.) निर्मात्यांना स्वतःच घातलेले बंधन पाळण्याची फारशी गरज वाटली नाही, हेही तो रीबूट असल्याचेच लक्षण आहे.

प्रतिध्वनींची फसवणूक समजून घ्यायला ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ उत्तम. १९६८ ते १९७३ मध्ये पाच चित्रपट झाले. २००१ मध्ये टिम बर्टन यांनी रिमेक केला, तो पुढे गेला नाही. आणि २०११ च्या ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’पासून नवी साखळी सुरू झाली, जी २०१४, २०१७ आणि २०२४ च्या भागांपर्यंत आली आहे. २०११ च्या चित्रपटात दूरचित्रवाणीवर मंगळाकडे निघालेल्या इकॅरस यानाची बातमी दिसते, नंतर वृत्तपत्रात ते हरवल्याची. त्यातला वानरनायक सीझर याच्या आईला ‘ब्राइट आइज’ म्हणतात, आणि १९६८ मध्ये झीरा ही वानर-शास्त्रज्ञ अंतराळवीर टेलरला त्याच नावाने हाक मारते. यावरून अनेकांनी हा १९६८ च्या चित्रपटाचा मागचा भाग असल्याचे ठरवले. पण जुन्या साखळीत सीझर कोण होता? भविष्यातून पळून आलेल्या कॉर्नेलियस आणि झीरा या वानर दांपत्याचा मुलगा. वानरांचे बंड १९७२ च्या भागात त्याच्या नेतृत्वाखाली होते. नव्या साखळीत सीझर प्रयोगशाळेत औषधाची चाचणी झालेल्या मादीचा मुलगा आहे. एकाच जगाला आरंभाचे दोन इतिहास असू शकत नाहीत. हा रीबूट आहे, आणि माझ्या मते या शैलीतला सर्वांत प्रामाणिक: कालप्रवासाची पळवाट न शोधता त्याने सरळ नवे कारण दिले, आणि ते कारण चार चित्रपट पुरले.

यापेक्षा अवघड आहे तो निवडक सातत्याचा प्रकार, ज्यात जुन्या मालिकेतले काही भाग मान्य केले जातात आणि काही नाकारले जातात. लोकांना हा अलीकडचा हॉलिवुडी शोध वाटतो; जपानने तो चाळीस वर्षांपूर्वी केला. १९५४ च्या ‘गॉडझिला’नंतर १९७५ पर्यंत आणखी चौदा चित्रपट आले, आणि भयाचे ते रूप हळूहळू मुलांचा लाडका राक्षस झाले. १९८४ मध्ये तोहो कंपनीने नवा चित्रपट काढला तो केवळ १९५४ ला जोडून. मधले चौदाही घडलेच नाहीत असे धरले. १९९९ ते २००४ च्या टप्प्यात तर बहुतेक चित्रपट एकमेकांना न जुमानता, प्रत्येक जण स्वतंत्रपणे १९५४ शी नाते सांगतो. आणि २०१६ च्या ‘शिन गॉडझिला’मध्ये ते नातेही तोडले, त्या जपानने असा प्राणी यापूर्वी कधी पाहिलेलाच नाही. माझ्या प्रश्नाने पाहिले, तर १९८४ चा पुढचा भाग ठरतो आणि २०१६ चा रीबूट. १९८४ च्या बाबतीत मला थोडा संकोच वाटतो, हे खरे, कारण व्यवहारात त्याने मालिका नव्याने सुरूच केली. पण एका जुन्या आपत्तीची स्मृती त्या जगात जिवंत आहे, आणि कथेचा कणा तोच आहे.

‘टर्मिनेटर: डार्क फेट’ (२०१९) याच जातीचा. त्याने १९९१ नंतरचे सगळे भाग बाजूला ठेवले, लिंडा हॅमिल्टन यांना सेरा कॉनर म्हणून परत आणले, आणि सुरुवातीलाच १९९८ मध्ये तिच्या मुलाचा खून दाखवला. पुढचा चित्रपट त्या आईच्या रागावर चालतो. १९९१ च्या विजयाची किंमत येथे वसूल होते, म्हणजे तो १९९१ चाच पुढचा भाग. याउलट ‘जेनिसिस’ (२०१५) मध्ये १९८४ सालात परतल्यावर सेराच्या सोबतीला लहानपणापासून एक टर्मिनेटर आहे, आणि आपण पाहिलेली गोष्ट घडण्याआधीच विस्कटलेली आहे; तो रीबूट करू पाहत होता, आणि पुढचे भाग आलेच नाहीत.

सॉफ्ट रीबूट हा शब्द मला जाहिरातखात्याचा वाटतो. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द फोर्स अवेकन्स’ला (२०१५) तो लावतात, कारण वाळवंटी ग्रहावरची एकाकी तरुण व्यक्ती, यंत्रमानवाकडे लपवलेले गुपित आणि ग्रहाएवढे शस्त्र हा १९७७ चा सांगाडा त्यात पुन्हा आला. सांगाडा पुन्हा वापरणे म्हणजे इतिहास पुन्हा सुरू करणे नव्हे. जुन्या चित्रपटांतल्या हान सोलोच्या पानावरच्या सगळ्या नोंदी तेथे शाबूत आहेत. गंमत म्हणजे खरा रीबूट झाला तो ‘स्टार वॉर्स’च्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या बाबतीत. २०१४ मध्ये लुकासफिल्मने आधीचे सारे विस्तारित कथाविश्व ‘लेजेंड्स’ या शीर्षकाखाली अधिकृत इतिहासाबाहेर काढले, आणि हान व लेआची तेथली मुले जेसन आणि जेना यांच्या जागी पडद्यावर बेन सोलो आला. ‘रोबोकॉप’ (२०१४) हा रिमेक आणि ‘ड्यून’ (२०२१) हे कादंबरीचे नवे रूपांतर. त्यांवर वेळ घालवण्याची गरज नाही.

मंडळाच्या पत्रकाबद्दल माझी सूचना. ‘रीबूट’ हा शब्द ठेवावा आणि त्यापुढे एक वाक्य घालावे, की या चित्रपटात जुना इतिहास अबाधित राहून त्याला नवी फांदी फुटते. ज्येष्ठ सभासदांची हरकत त्यात सामावते. त्यासाठी आधीचे काही दाखवण्याची आवश्यकता नाही. मात्र पुढच्या महिन्यात २०१३ चा भाग लावणार असाल, तर त्याआधीच्या रविवारी १९८२ चा चित्रपट जरूर दाखवा. काचेचे ते दृश्य तयारीशिवाय पाहिलेल्या सभासदांना ते अर्धेच मिळेल. वानरांची मालिका घ्यायचे ठरले, तर २०११ चा भाग आधी आणि १९७२ चा त्यानंतर असा क्रम ठेवावा. दोन्ही बंडे एका पाठोपाठ एक पाहिली, की दोन सीझर एकच नव्हेत हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.